शस्त्रक्रिया आणि रक्ताची गुठळी : औषधाची वेळ का महत्त्वाची?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभरातील शस्त्रक्रियांची संख्या दिलेली असते. कोणत्या विभागात किती रुग्ण दाखल झाले आणि किती बरे होऊन घरी गेले, याचीही नोंद असते. मात्र जे घडू दिले गेले नाही त्याचा तक्ता कोणत्याही अहवालात आढळत नाही. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून केली जाणारी उपाययोजना ही अशीच एक बाब होय. तिचा खर्च औषधांच्या एकूण खर्चात मिसळून जातो आणि तिचे यश कोणाच्या दृष्टीस पडत नाही. नातेवाइकांकडून मात्र याविषयी वारंवार विचारणा होते. "पोटावरचे ते इंजेक्शन काल दिले, मग आज का दिले नाही?" "रक्त पातळ करण्याची गोळी बंद केली, ती पुन्हा केव्हा सुरू करणार?" "टाके निघाले, तरी घरी महिनाभर इंजेक्शने कशासाठी?" हे प्रश्न रास्त आहेत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : ही औषधे दोन-चार तास आधी वा उशिरा दिली, तर त्यांचा गुण कमी होतो किंवा तीच अपायाला कारण होतात. प्रस्तुत लेखात याचा खुलासा करण्याचा प्रयत्न केला आहे.

गुठळी होते कशी?

रक्त गोठणे हा शरीराचा दोष नव्हे. ते गोठले नसते तर बोटाला झालेली साधी जखमही जिवावर बेतली असती. परंतु नको त्या ठिकाणी रक्त गोठले, की तेच संकट ठरते. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५६ साली या विषयावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्याच्या नावाने आज वैद्यकशास्त्रात गुठळीची तीन कारणे सांगितली जातात : रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. मोठ्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकत्र येतात. भूल दिल्यावर पोटरीचे स्नायू शिथिल होतात आणि पायातील रक्त वर ढकलणारा शरीराचा स्वाभाविक पंपच बंद पडतो. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या ताणल्या जातात. जखम झाली हे ओळखून शरीरही रक्त गोठवणारी द्रव्ये वाढवते.

पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी पुष्कळदा जागच्या जागी विरघळते. काही वेळा ती वाढत मांडीपर्यंत जाते, तिचा तुकडा सुटतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. मग एकाएकी धाप लागते, छातीत दुखते, आणि तुकडा मोठा असल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेला, उद्या घरी जाणार असलेला रुग्ण सकाळी स्वच्छतागृहात कोसळतो, अशा ज्या हकिकती ऐकू येतात, त्यांपैकी काहींचे कारण हेच असते. अशा प्रसंगी नातेवाइकांच्या मनात "हृदयविकाराचा झटका आला" एवढीच नोंद राहते.

गुठळी नेमकी केव्हा तयार होते, याचा उलगडा १९६९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील संशोधनातून झाला. भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक विजय कक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त गोठवणाऱ्या प्रथिनास किरणोत्सारी आयोडीनची खूण जोडून ते रुग्णांना टोचले आणि पायांवर दररोज यंत्र धरून ते कोठे साचते हे तपासले. सुमारे ३० टक्के रुग्णांत गुठळी आढळली, आणि त्यांतील अनेकांत तिची सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावरच झालेली होती. पायाला सूज दिसते ती पुढे काही दिवसांनी, आणि कित्येकदा दिसतही नाही. सूज आली की औषध देऊ, असे म्हणून चालत नाही, ते या कारणाने.

याच संशोधकांच्या पुढाकाराने अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध झाले. चाळिशीपुढील ४,१२१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी हेपॅरिनची ५,००० युनिटची अल्प मात्रा देण्यात आली आणि नंतर सात दिवस दर आठ तासांनी ती चालू ठेवण्यात आली. हेपॅरिन न दिलेल्या गटात फुफ्फुसातील मोठ्या गुठळीने १६ जण दगावले, तर दिलेल्या गटात २. मात्र हेपॅरिन दिलेल्यांच्या जखमेत रक्त साकळण्याचे प्रमाण अधिक होते, हेही त्याच चाचणीत दिसून आले. गुठळीचे भय आणि रक्तस्रावाचे भय यांत तोल साधण्याचे हे काम तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

एकच औषध, दोन रीती

हेपॅरिनचा शोध अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९१६ साली जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हातून लागला. यकृतासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून तयार करतात. ज्या रुग्णांना धर्म वा आहाराच्या दृष्टीने याविषयी आक्षेप असेल त्यांनी तो निःसंकोचपणे आधीच सांगावा. फोंडापॅरिनक्स हे पूर्णतः प्रयोगशाळेत तयार होणारे औषध उपलब्ध आहे. मात्र ते शस्त्रक्रिया संपल्यावर सहा तासांच्या आत दिल्यास रक्तस्राव वाढतो, आणि त्याचा अंमलही दीर्घकाळ टिकतो. औषध बदलले की घड्याळही बदलते.

हेपॅरिनपासून पुढे कमी रेणुभाराची हेपॅरिने विकसित झाली. त्यांतील एनॉक्सापॅरिन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी औषधाच्या चिठ्ठीवर वाचले असेल. दिवसातून तीनदा सुई टोचण्याऐवजी एकदाच टोचणे पुरेसे झाले, ही मोठीच सोय होती. परंतु युरोप आणि अमेरिकेत ते देण्याची रीत निराळी होती. युरोपात ४० मिलिग्रॅमची मात्रा शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे सुमारे १२ तास आधी देऊन पुढे रोज एकदा देत. अमेरिकेत हे औषध १९९३ साली आले, आणि तेथे शस्त्रक्रियेनंतर सुरुवात करून ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देण्याचा प्रघात पडला.

गुठळी रोखण्यात दोन्ही रीती उपयुक्त ठरल्या. अडचण उद्भवली ती कमरेतून दिल्या जाणाऱ्या भुलेमुळे. गुडघा वा खुब्याच्या शस्त्रक्रियेत पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून भूल देतात, आणि पुष्कळदा वेदनाशमनासाठी तेथे बारीक नळी ठेवतात. रक्त पातळ झालेले असताना सुई घातली किंवा नळी काढली, तर मणक्यांच्या पोकळीत रक्तस्राव होऊ शकतो. ही पोकळी हाडांनी बंदिस्त असल्यामुळे साचलेल्या रक्ताला पसरायला वाव नसतो. ते मज्जारज्जूवर दाब देते आणि रुग्णाचे पाय लुळे पडतात. काही तासांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करून तो दाब काढला नाही, तर हे पंगुत्व कायमचे ठरते. अमेरिकेत अशा घटना एकामागून एक नोंदल्या जाऊ लागल्या आणि डिसेंबर १९९७ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना जाहीर इशारा दिला. युरोपात हे औषध त्याआधीपासून वापरात असूनही अशा घटना कमी होत्या. दिवसातून एकदाच मात्रा दिली, तर दोन मात्रांच्या मध्ये औषधाचा अंमल ओसरलेला असा काही तासांचा काळ मिळतो. दोनदा दिली, तर तो जवळजवळ मिळतच नाही.

त्यानंतर भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी वेळेचे नियम घालून दिले. प्रतिबंधक मात्रा दिल्यानंतर किमान १२ तास पाठीत सुई घालू नये. उपचारासाठीची मोठी मात्रा दिली असल्यास २४ तास थांबावे. पाठीतील नळी काढतानाही शेवटच्या मात्रेनंतर १२ तास जाऊ द्यावेत, आणि नळी काढल्यावर पुढील मात्रा किमान चार तासांनी द्यावी.

हे इंजेक्शन बहुधा संध्याकाळी का देतात, याचा उलगडा आता व्हावा. रात्री आठला दिलेल्या मात्रेचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत पुरेसा ओसरतो, म्हणून सकाळच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देणे सुरक्षित होते. शस्त्रक्रिया दुपारपर्यंत आटोपली, तर रात्री आठ वाजेपर्यंत जखमेतील रक्तस्राव थांबल्याची खात्री करून घ्यायला सहा ते बारा तास मिळतात. एखाद्या दिवशी परिचारिका इंजेक्शन न देता परत गेली, तर ती विसरली असे समजू नये. पाठीतील नळी काढावयाची असेल, निचरा-नळीतून अपेक्षेपेक्षा जास्त रक्त आले असेल, किंवा रक्तातील बिंबिका कमी झाल्या असतील, तर मात्रा जाणीवपूर्वक पुढे ढकलली जाते. तसे केस पेपरवर वेळेसह लिहिलेले असते, आणि त्याविषयी विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे. नातेवाइकांनी विचारल्यामुळे खरोखरच राहून गेलेली मात्रा लक्षात येते, हाही त्याचा एक लाभ आहे.

प्रत्येकाला इंजेक्शनची गरज असते असे नाही. तिशीतील तरुणाची हर्नियाची छोटी शस्त्रक्रिया असेल तर त्याच दिवशी उठून चालणे हाच त्याचा उपचार. वय, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, शस्त्रक्रियेचा प्रकार यांना गुण देऊन धोका मोजण्याची कॅप्रिनी पद्धत जगभर वापरतात. तीत ४१ ते ६० वयाला एक गुण, पूर्वीच्या गुठळीला तीन, तर खुब्याच्या अस्थिभंगाला पाच गुण आहेत. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर याउलट पहिला दिवस तरी औषध टाळून पायांना हवेचा दाब देणाऱ्या यंत्रावर भिस्त ठेवतात, कारण तेथे थोडासा रक्तस्रावही घातक असतो.

आधीपासून गोळ्या चालू असतील तर

संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप निकामी होऊन कृत्रिम झडप बसवलेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, पूर्वी गुठळी होऊन गेलेले असे अनेक रुग्ण वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकूमारॉलच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत असतात. वॉरफॅरिन शस्त्रक्रियेच्या साधारण पाच दिवस आधी थांबवावी लागते. ॲसिनोकूमारॉलचा अंमल त्याहून लवकर ओसरतो, म्हणून ती सुमारे तीन दिवस आधी. रक्त पुरेसे पूर्ववत झाले की नाही, हे आयएनआर या तपासणीने कळते. या मधल्या दिवसांत हेपॅरिनची इंजेक्शने देण्याची पद्धत एके काळी सरसकट होती. अनियमित ठोक्यांच्या १,८८४ रुग्णांवरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की इंजेक्शने दिल्याने गुठळीचे प्रमाण काही कमी झाले नाही (०.३ टक्के, न दिलेल्यांत ०.४ टक्के), उलट मोठा रक्तस्राव १.३ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेला. तेव्हापासून अशा बहुतेक रुग्णांना मधली इंजेक्शने देत नाहीत. कृत्रिम झडपेच्या रुग्णांचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. एका रुग्णाला दिलेला सल्ला शेजारच्या खाटेवरील रुग्णाने स्वतःला लागू करून घेऊ नये. रिव्हॅरोक्सॅबान, अपिक्सॅबान, डॅबिगॅट्रान ही नवी औषधे एक-दोन दिवस आधी थांबवली तरी पुरते. डॅबिगॅट्रानच्या बाबतीत मूत्रपिंडाचे काम मंदावले असल्यास अधिक दिवस लागतात.

दोन गोष्टी येथे आग्रहाने सांगणे आवश्यक वाटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ही औषधे बहुधा थांबवावी लागत नाहीत. तरीही शिबिरात नाव नोंदवल्यावर "शस्त्रक्रिया आहे" म्हणून परस्पर गोळी बंद करणारे रुग्ण आढळतात. कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाने असे करणे म्हणजे दृष्टीसाठी प्राण पणाला लावणे होय. दुसरी गोष्ट स्टेंट बसवलेल्या रुग्णांची. त्यांच्या ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नयेत. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर स्टेंटनंतर काही महिने ती पुढे ढकलणेच इष्ट. दाखल होताना घरातील सर्व औषधांची पाकिटे, आयुर्वेदिक व घरगुती औषधांसह, पिशवीत घालून आणावीत आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी किती वाजता घेतली तेही सांगावे. "ती पांढरी छोटी गोळी" एवढ्या वर्णनावर भूलतज्ज्ञाला निर्णय घेता येत नाही.

खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध रुग्ण

वेळेचा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो येथे. घरातील वयोवृद्ध स्त्री न्हाणीघरात पाय घसरून पडते आणि खुब्याजवळचे हाड मोडते. गुठळीचे घड्याळ त्याच क्षणी सुरू होते, शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्हे. तिला खाटेवर झोपवून ठेवतात. हाडवैद्याचा लेप लावला जातो, मुलाची शहरातून येण्याची वाट पाहिली जाते, पैशांची जुळवाजुळव होते, आणि पाच-सहा दिवसांनी ती रुग्णालयात येते. अशा वेळी पायाच्या शिरेत आधीच गुठळी असण्याची शक्यता असते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉप्लर सोनोग्राफी करावी लागू शकते. गुठळी आढळल्यास शस्त्रक्रियेचे वेळापत्रक बदलते, आणि काही वेळा पोटातील मुख्य शिरेत तात्पुरती जाळी बसवावी लागते. तीच स्त्री पहिल्या दिवशी आली असती, तर दाखल होताच इंजेक्शन सुरू करून, शस्त्रक्रियेच्या वेळेनुसार मधली मात्रा सांभाळून, दुसऱ्या दिवशी तिचे हाड बसवता आले असते आणि तिसऱ्या दिवशी आधाराने उभे करता आले असते. अशा रुग्णाला आणण्यास पैशांअभावी उशीर होऊ नये, यासाठी समाजसेवा विभाग प्रवेशाच्या वेळीच साहाय्य करतो. तेव्हा पैशांची सोय होईपर्यंत रुग्णाला घरी ठेवू नये, ही विनंती.

आणखी एक सूचना. वडीलधाऱ्यांचे पाय चेपून देणे हा आपल्याकडे सेवेचा भाग मानला जातो. परंतु शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या रुग्णाची एक पोटरी सुजली असेल, दुखत असेल, तर ती चेपू नये, तेल लावून चोळू नये, शेकू नये. तेथे गुठळी असल्यास ती सुटण्याची भीती असते. आधी डॉक्टरांना दाखवावे.

"हा आजार आपल्याकडचा नव्हे"

असे मत आपल्या देशात, वैद्यकीय व्यावसायिकांतही, दीर्घकाळ प्रचलित होते. ऑगस्ट २००६ ते जानेवारी २००७ या काळात भारतातील १० रुग्णालयांतील २,०५८ रुग्णांची पाहणी एका ३२ देशांच्या अभ्यासात करण्यात आली. निम्म्याहून अधिक रुग्णांना गुठळीचा धोका होता. परंतु धोका असलेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपैकी केवळ १६.३ टक्क्यांना मान्यताप्राप्त प्रतिबंधक उपचार मिळाला होता. हा आजार दिसत नव्हता, याचे एक कारण तो शोधला जात नव्हता, हेच असावे.

आपल्या देणगीदारांना यात काय करता येईल, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकांतून निघतो. महागडे ते प्रभावी, असे येथे गृहीत धरू नये. अस्थिभंगाच्या १२,२११ रुग्णांवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील चाचणीत साध्या ॲस्पिरिनच्या गोळ्या घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण (०.७८ टक्के) एनॉक्सापॅरिनची इंजेक्शने घेणाऱ्यांइतकेच (०.७३ टक्के) राहिले, जरी पायातील गुठळ्या ॲस्पिरिन घेणाऱ्यांत थोड्या अधिक होत्या. प्रत्येक रुग्णाला हे लागू नसले, तरी गरीब रुग्णाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. उलट, देणगीदार मोठ्या आस्थेने देतात ते दाबाचे लांब पायमोजे, औषध चालू असलेल्या बहुतेक रुग्णांना फारसा वाढीव लाभ देत नाहीत, असे ब्रिटनमधील २०२० सालच्या अभ्यासात आढळले. त्याऐवजी, ज्यांना रक्तस्रावाच्या भीतीने औषध देता येत नाही त्यांच्यासाठी हवेच्या दाबाची यंत्रे, खाटेपाशी नेता येईल असे डॉप्लर यंत्र, आणि रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी उठवून चालवणारे भौतिकोपचारतज्ज्ञ यांची निकड अधिक आहे. शेवटची बाब देणगीच्या पाटीवर कोरण्याजोगी नाही, तरी तिचा क्रम वरचा लागतो.

घरी गेल्यावर

गुठळीचा धोका रुग्णालयाच्या दारात संपत नाही. खुबा व गुडघ्याच्या सांधेबदलानंतर औषध किमान १० ते १४ दिवस, आणि अनेकदा ३५ दिवसांपर्यंत द्यावे लागते. पोट वा ओटीपोटातील कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे. या दुसऱ्या गटातील ३३२ रुग्णांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध आठवड्याभरातच थांबवलेल्यांपैकी १२ टक्क्यांत गुठळी आढळली, तर चार आठवडे घेणाऱ्यांत ४.८ टक्क्यांत. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीलाही प्रसूतीनंतरचे सहा आठवडे हा धोका असतो. सव्वा महिना तिला विश्रांती द्यावी हे योग्यच, परंतु विश्रांती म्हणजे सतत पडून राहणे नव्हे. तिने घरात फिरावे, पाणी पुरेसे प्यावे.

इंजेक्शन रोज एकाच वेळी द्यावे. बेंबीपासून दोन बोटे दूर, पोटाच्या बाजूच्या त्वचेची घडी चिमटीत धरून, सुई सरळ आत घालावी. भरलेल्या सिरिंजमधील हवेचा बुडबुडा काढून टाकू नये, तो तेथे असणेच अपेक्षित आहे. नंतर ती जागा चोळू नये, नाहीतर काळेनिळे डाग पडतात. मात्रा चुकली आणि काही तासांतच लक्षात आले तर ती घ्यावी, मात्र दुसऱ्या दिवशी दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. एका पायाला सूज, एकाएकी धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, काळी शौच, किंवा कमरेतून भूल दिलेल्या रुग्णाच्या पायांत नव्याने आलेला अशक्तपणा, यांपैकी काहीही जाणवल्यास फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता अपघात विभागात यावे, रात्र असली तरी. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या मात्रेची तारीख व वेळ लिहिलेली असते, ते कार्ड सोबत आणावे. वापरलेल्या सिरिंज घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून पुढील भेटीत बाह्यरुग्ण विभागातील परिचारिकेकडे द्याव्यात.